नोमोडसेट टाकून मोकळे होऊ नका

भाचीच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून दिलं, पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल व्यवस्थित झालं, रीस्टार्ट केलं, ग्रबचा (म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या बूटलोडरचा) मेन्यू आला, एंटर मारलं आणि स्क्रीन काळी. दोन मिनिटं वाट बघितली, काही नाही. ती शेजारीच बसलेली, म्हणाली, "मामा, गेला का हा?" मी तिला म्हटलं कॅप्स लॉक दाबून बघ. दाबलं तर दिवा लागला, परत दाबलं तर विझला. म्हणजे मशीन जिवंत आहे, कर्नल (लिनक्सचा गाभा) चालू आहे, फक्त त्याला स्क्रीनवर काही दाखवता येत नाहीये.

काळी स्क्रीन दिसली की ही टेस्ट सगळ्यात आधी करा असं माझं कळकळीचं सांगणं आहे, कारण बरेच जण इथेच घाबरून परत इन्स्टॉल करायला घेतात आणि परत तिथेच येऊन अडकतात. कॅप्स लॉकचा दिवा नीट लागत-विझत असेल तर इन्स्टॉलेशनला हात लावायची गरज नाही, भानगड डिस्प्लेची आहे आणि ती बूटलोडरमधून सोडवता येते. (दिवा आपोआप लुकलुकत असेल तर मात्र तो कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नलच कोसळलाय, ते प्रकरण वेगळं.)

तर मग रीस्टार्ट केलं, मेन्यूवर एंटर न मारता ई दाबलं. मेन्यूच दिसत नसेल तर जुन्या बायोसवाल्या मशीनवर शिफ्ट दाबून धरायचं आणि यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) असेल तर सुरुवातीला एस्केप. ई दाबलं की त्या एंट्रीचा मजकूर उघडतो, त्यात एक ओळ लिनक्स या शब्दाने सुरू होते, लांबलचक असते, आणि तिच्या शेवटी बहुतेक वेळा क्वाएट स्प्लॅश असं लिहिलेलं असतं. ते दोन शब्द काढले म्हणजे बूट होताना काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं, आणि त्यांच्या जागी लिहिलं नोमोडसेट. सगळा एकच शब्द, मध्ये स्पेस नाही, लहान इंग्रजी अक्षरांत. मग एफ१० किंवा कंट्रोल-एक्स. ओळी भराभर सरकल्या आणि लॉगिन स्क्रीन आली, भाची खूश!

मी मात्र खूश नव्हतो. कारण रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८, अक्षरं फुगलेली आणि धूसर, ब्राइटनेसची बटणं मेलेली, बाहेरचा मॉनिटर लावला तर ओळखत नाही, आणि नुसती खिडकी इकडून तिकडे ओढली तरी पंखा घोंघावायला लागतो कारण चित्र काढायचं सगळं काम प्रोसेसरवर पडलेलं. नेटवर शोधलं तर दहापैकी नऊ ठिकाणी उत्तर इथेच संपतं: नोमोडसेट कायमचं टाका, झालं. मला हे उत्तर अजिबात पटत नाही. नोमोडसेट हे आत शिरण्यापुरतं आहे, आत गेल्यावर खरं दुखणं शोधायचं आणि ते काढून टाकायचं. हजारो लोक वर्षानुवर्षं चांगल्या मशीनवर अशी अर्धवट स्क्रीन घेऊन बसलेले असतात आणि त्यांना वाटतं लिनक्सच असं आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता हे नोमोडसेट नक्की करतं काय, ते समजून घेतलं की बाकीचे सगळे ऑप्शन आपोआप लागतात.

मशीन चालू केल्यापासून डेस्कटॉप येईपर्यंत स्क्रीनचा ताबा हातोहात बदलत जातो. आधी फर्मवेअर, म्हणजे मशीनमधलंच बायोस किंवा यूईएफआय. जुन्या बायोसमध्ये व्हेसा या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचे व्हीबीई मोड असायचे, यूईएफआयमध्ये त्या जागी जीओपी ही स्क्रीनवर चित्र दाखवायची सोय आली. मग ग्रब, पण ग्रबकडे कुठल्याही कार्डाचा स्वतःचा असा खरा ड्रायव्हर नसतो म्हटलं तरी चालेल, तो फर्मवेअरलाच सांगतो की बाबा मला अमुक मोड लावून दे. मग कर्नल येतो, तो आधी फर्मवेअरने लावून ठेवलेला फ्रेमबफर (स्क्रीनवरचं चित्र जिथे साठतं ती मेमरी) जसा आहे तसा वापरतो. आणि शेवटी तुमच्या कार्डाचा खरा ड्रायव्हर लोड होतो, तो कार्ड ताब्यात घेतो आणि रिझोल्यूशन, रिफ्रेश रेट, कुठला पोर्ट चालू कुठला बंद हे सगळं स्वतः ठरवतो. याला कर्नल मोड सेटिंग म्हणतात. पूर्वी हे काम कर्नलबाहेर एक्स सर्व्हर (डेस्कटॉपचं चित्र दाखवणारा प्रोग्रॅम) करायचा, म्हणून तर ग्राफिक्समधून टेक्स्ट कन्सोलला जाताना स्क्रीन एकदम लुकलुकायची. २००९ मध्ये २.६.२९ कर्नलमध्ये इंटेलच्या ड्रायव्हरसाठी हे कर्नलच्या आत आलं, एनव्हिडियाच्या कार्डांसाठीचा ओपन सोर्स नूवो ड्रायव्हर २०१० मध्ये २.६.३३ बरोबर आला.

नोमोडसेट म्हणजे या शेवटच्या पायरीला दिलेला नकार. खऱ्या ड्रायव्हरने ताबा घ्यायचाच नाही, फर्मवेअरने दिलंय त्यावर भागवायचं. म्हणून स्क्रीन दिसते, आणि म्हणूनच ब्राइटनेस, दुसरा मॉनिटर, अ‍ॅक्सिलरेशन (म्हणजे ग्राफिक्स चिपची मदत) सगळं जातं. आणि हे सगळ्या ड्रायव्हर्सना एकदम लागू होतं हे लक्षात घ्या, ज्याने काही बिघडवलेलं नाही त्यालाही.

भाचीच्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स होते, एक प्रोसेसरमधलाच आणि एक वेगळी चिप. नोमोडसेटने आत गेलो, टर्मिनल उघडलं आणि जर्नलसीटीएलला (सिस्टिमचे लॉग दाखवणारी कमांड) आधीच्या बूटचा कर्नल लॉग मागितला, म्हणजे जर्नलसीटीएल -बी -१ -के. नोमोडसेट नसताना जे बूट काळं पडलं होतं त्याचा लॉग त्यात असतो, जर्नल डिस्कवर साठवायचं सेटिंग चालू असलं म्हणजे झालं. त्यात स्वच्छ दिसत होतं की आतल्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर व्यवस्थित आला, १९२० बाय १०८० चा पॅनेल ओळखला, आणि त्यानंतर वेगळ्या चिपचा ड्रायव्हर लोड व्हायला लागला आणि टाइमआउटच्या ओळींवर ओळी. एकाने घोळ घातला होता आणि नोमोडसेटमुळे शिक्षा दोघांना.

परत रीस्टार्ट, परत ई, यावेळी नोमोडसेटच्या जागी मोडप्रोब डॉट ब्लॅकलिस्ट बरोबरचं चिन्ह आणि फक्त त्या एका ड्रायव्हरचं नाव. उदाहरणार्थ नूवोला अडवायचं असेल तर मोडप्रोब.ब्लॅकलिस्ट=नूवो असं. एफ१० दाबलं आणि पूर्ण रिझोल्यूशनवर लॉगिन आलं, ब्राइटनेसची बटणं चालायला लागली, एचडीएमआयला मॉनिटर लावला तर तोही आला. माझ्या मते पंचाण्णव टक्के लोकांना नोमोडसेट नाही तर हे असं नेमकं काहीतरी हवं असतं, फक्त त्यांना ते कुणी सांगत नाही.

याच जातीतले अजून काही. इंटेलच्या लॅपटॉपवर स्क्रीन मध्येच लुकलुकत असेल किंवा क्षणभर गोठत असेल तर आय९१५.एनेबल_पीएसआर=० टाकून बघा, पीएसआर म्हणजे चित्र बदलत नसताना पॅनेलने स्वतःच्याच मेमरीतून ते दाखवत राहायचं, बॅटरी वाचते पण काही पॅनेलना ते झेपत नाही. एएमडीच्या जीसीएन कार्डांच्या पहिल्या पिढीला, म्हणजे सदर्न आयलंड्सला, बऱ्याच कर्नलमध्ये जुना रेडिऑन ड्रायव्हर लागतो, तिथे रेडिऑन.एसआय_सपोर्ट=० आणि एएमडीजीपीयू.एसआय_सपोर्ट=१ अशी जोडी टाकली की नवा ड्रायव्हर लागतो आणि व्हल्कन (गेमसारख्या ग्राफिक्ससाठीची नवी पद्धत) चालायला लागतं, त्यापुढच्या सी आयलंड्सला एसआयच्या जागी सीआयके. जोडी आहे बरं का, एकच टाकून अर्धं काम करू नका. एनव्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरसाठी एनव्हिडिया-डीआरएम.मोडसेट=१, वेलँडला (एक्सच्या जागी आलेली नवी डिस्प्ले पद्धत) हे लागतंच, नवीन ड्रायव्हर्समध्ये ते बहुतेक आधीच चालू असतं. आणि इथे नोमोडसेट विसरून राहिलं असेल तर ड्रायव्हर कितीही वेळा टाका, वेलँडचं सेशन येणार नाही. मी स्वतः दोघांना याच कारणापायी दोन-दोनदा ड्रायव्हर टाकताना बघितलंय.

ब्राइटनेसची बटणं दाबली की पट्टी हलते पण उजेड तोच राहतो, अशी तक्रार असेल तर एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह, नाही चाललं तर व्हेंडर, नाहीतर व्हिडिओ. हे तीन एकेक करून बघायचे.

आता ग्रबच्या स्वतःच्या रिझोल्यूशनबद्दल, कारण इथे एक गोष्ट आहे जी मला फार उशिरा कळली आणि कळल्यावर फार आनंद झाला.

इटीसी फोल्डरमधल्या डिफॉल्टमध्ये ग्रब नावाची फाइल असते. त्यात ग्रब_जीएफएक्समोड अशी ओळ असते, कॅपिटल अक्षरांत, आणि बऱ्याचदा तिच्या आधी हॅश असतो म्हणजे ती बंद असते. तिथे १९२०x१०८० किंवा ऑटो असं काहीतरी देता येतं, आणि स्वल्पविराम टाकून दोन-तीन दिले तर ग्रब ओळीने प्रयत्न करतो. पण मनाला येईल तो आकडा चालत नाही, फर्मवेअर जे मोड देतं तेवढेच. ते बघायचे कसे, तर ग्रबच्या मेन्यूत सी दाबायचं, कमांड लाइन येते, तिथे व्हिडिओइन्फो टाइप करायचं, यादी येते. यादी लांब असेल आणि पळून जात असेल तर आधी सेट पेजर=१ करा, मग पानापानाने थांबते.

दुसरी ओळ ग्रब_जीएफएक्सपेलोड_लिनक्स. याची किंमत कीप ठेवली तर ग्रबने लावलेला मोड तसाच कर्नलच्या हातात जातो, टेक्स्ट ठेवली तर कर्नल साध्या टेक्स्ट मोडमध्ये सुरू होतो. आता गंमत बघा. यूईएफआयमध्ये फर्मवेअरच्या बूट सर्व्हिसेस बंद झाल्या की जीओपीला मोड बदल म्हणून सांगायची सोयच उरत नाही, फ्रेमबफर जसा मिळाला तसाच. म्हणजे नोमोडसेटवर असताना तुम्हाला जे रिझोल्यूशन मिळतं ते ग्रबने शेवटी लावलेलं असतं! डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये कितीही शोधलं तरी तिथे दुसरा पर्याय का दिसत नाही याचं कारण हे. त्यामुळे एखाद्या मशीनवर खरा ड्रायव्हर नाहीच चालत आणि नोमोडसेटवरच राहावं लागतंय असं असेल, तर निदान जीएफएक्समोडला पॅनेलचं खरं रिझोल्यूशन द्या, पेलोड कीप ठेवा, आणि फुगलेली धूसर अक्षरं जातील. एका जुन्या मशीनवर मी हे केलंय, अ‍ॅक्सिलरेशन नाही पण वाचायला सुखाचं झालं.

जुने लोक याच जागी व्हीजीए=७९१ टाकायचे, आठवत असेल. ७९१ हा आकडा मला कितीतरी वर्षं मंत्रासारखा पाठ होता पण कुठून आला ते माहीत नव्हतं. तो हेक्समध्ये ३१७ होतो. व्हेसाच्या यादीत १०२४ बाय ७६८, १६ बिट रंगांचा मोड आहे हेक्स ११७, आणि लिनक्स त्यात हेक्स २०० मिळवतं. बस एवढंच. ग्रब २ मध्ये हे आता जुनं धरलं जातं आणि यूईएफआयवर त्याचा उपयोगही नाही, तेव्हा दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या लेखातून उचलून टाकू नका.

आणि ग्रबचा मेन्यूच फोरके स्क्रीनवर मुंगीएवढा दिसत असेल, बाण दाबल्यावर एकेक ओळ सावकाश रंगत असेल, तर जीएफएक्समोड कमी करा, १०२४x७६८ पुरे. किंवा ग्रब_टर्मिनल=कन्सोल करून ग्राफिकल मेन्यूच बंद करा. दिसायला साधा पण झटपट.

दुसरा प्रसंग माझ्या स्वतःच्या डेस्कटॉपचा. मॉनिटर आणि मशीनच्या मध्ये एक स्विच लावला, एका मॉनिटरवर दोन मशीन चालवायला. लावल्यापासून १०२४ बाय ७६८ च्या वर जायचं नावच नाही. ड्रायव्हर ठीक, केबल ठीक. मॉनिटर आपली कुंडली ईडीआयडी नावाने मशीनला कळवत असतो, कुठकुठले मोड मला चालतात वगैरे, ती त्या स्विचमधून पलीकडे पोचतच नव्हती, आणि ड्रायव्हर बिचारा अंदाजाने सगळ्यात सुरक्षित मोड लावत होता.

याला उत्तर कर्नलच्या ओळीत व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:१९२०x१०८०@६०. आधी पोर्टचं नाव, मग अपूर्णविराम, मग मोड. इथे एक खड्डा आहे ज्यात मी पूर्ण संध्याकाळ घालवली. एक्सआरअँडआर कमांड पोर्टचं नाव एचडीएमआय-१ असं दाखवते, मी तेच लिहीत होतो आणि काहीच होत नव्हतं. कर्नलचं नाव वेगळं असतं, मध्ये ए असतो. खरं नाव बघायचं तर सिस फोल्डरमध्ये क्लास, त्यात डीआरएम, तिथे कार्ड० किंवा कार्ड१ च्या पुढे डॅश देऊन प्रत्येक पोर्टचं नाव लिहिलेलं असतं, त्यातला कार्डचा भाग सोडून उरलेलं घ्यायचं. प्रत्येकाच्या आत स्टेटस नावाची फाइल आहे, ती वाचली की कनेक्टेड आहे की नाही कळतं, आणि मोड्स नावाच्या फाइलमध्ये यादी. नाव सुधारलं, बूट केलं, झालं. मोडच्या शेवटी चिकटून ई लिहिला तर तो पोर्ट काही लावलेलं नसलं तरी जबरदस्तीने चालू राहतो.

आणि डी लिहिला तर बंद. लॅपटॉपचा पॅनेल फुटलाय आणि बाहेरच्या मॉनिटरवर चालवायचाय, पण लॉगिन स्क्रीन फुटक्या पॅनेलवरच जाऊन बसते, अशांनी व्हिडिओ=ईडीपी-१:डी टाकावं, पॅनेल आहे हेच सिस्टिम विसरते.

हे सगळं आधी ई दाबून तात्पुरतं करून बघायचं, यावर माझा फार भर आहे. ई दाबून केलेला बदल त्या एका बूटपुरता असतो, चुकलं तर पॉवर बटण दाबून बंद करा, पुढच्या वेळी सगळं पूर्ववत. थेट फाइलमध्ये लिहून रीस्टार्ट केलं आणि चुकलं तर परत काळी स्क्रीन. चाललं याची खात्री झाली की मगच कायमचं.

कायमचं म्हणजे त्याच डिफॉल्टमधल्या ग्रब फाइलमध्ये, ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट या ओळीच्या अवतरणचिन्हांच्या आत. शेजारी डिफॉल्ट शब्द नसलेली ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स अशीही ओळ असते, त्यात लिहिलेलं रिकव्हरी एंट्रीलासुद्धा लागू होतं. ग्राफिक्सचे प्रयोग मी नेहमी डिफॉल्टवाल्या ओळीतच ठेवतो म्हणजे रिकव्हरी स्वच्छ राहते. मग उबुंटू-डेबियनवर सुडो अपडेट-ग्रब, बाकी बऱ्याच ठिकाणी ग्रब-एमकेकॉन्फिग -ओ आणि पुढे ग्रब.सीएफजीचा पत्ता, फेडोरावर ग्रबी. ही कमांड विसरली तर फाइलमध्ये कितीही लिहा, काहीही बदलणार नाही. आणि बूटमधल्या ग्रब.सीएफजीत हाताने काही लिहू नका, पुढच्या कर्नल अपडेटला पुसलं जाणार. तिथेच असताना ग्रब_टाइमआउट_स्टाइल=मेन्यू आणि ग्रब_टाइमआउट=५ करून ठेवा, पाच सेकंदांनी कुणाचं अडत नाही आणि गरज पडेल तेव्हा मेन्यू समोर असतो.

ग्रबऐवजी सिस्टिमडी-बूट हा बूटलोडर वापरणाऱ्यांना हे सोपंय, लोडर फोल्डरमधल्या एंट्रीजमध्ये प्रत्येक कर्नलची छोटी फाइल असते, तिच्यात ऑप्शन्सच्या ओळीत तेच शब्द लिहायचे. मेन्यूचं रिझोल्यूशन लोडर.कॉन्फमध्ये कन्सोल-मोड, तिथे मॅक्स, कीप, ऑटो वगैरे.

बूट झाल्यावर कॅट करून प्रॉक फोल्डरमधली सीएमडीलाइन फाइल वाचायची सवय लावा. कर्नलला खरोखर काय मिळालं ते तिथे दिसतं. स्पेलिंग चुकलं तर कर्नल अडून बसत नाही, न कळलेला शब्द सोडून पुढे जातो, त्यामुळे नोमोडसेटमध्ये एक ओ जास्त पडला तरी वाटत राहतं की मी टाकलंय पण उपयोग होत नाहीये. डॅश आणि अंडरस्कोअरची मात्र चिंता नको, पॅरामीटरच्या नावात ते दोन्ही कर्नलला सारखेच.

भाचीच्या लॅपटॉपचं पुढे असं झालं की वेगळ्या चिपचा योग्य ड्रायव्हर डिस्ट्रोच्या रिपॉझिटरीतून टाकला, सिक्युअर बूट (सही असलेलाच कोड चालू देणारी सोय) चालू होतं म्हणून ड्रायव्हरची सही मान्य करून घ्यायला रीस्टार्टनंतर निळी स्क्रीन आली, तिथे एनरोल एमओके निवडून इन्स्टॉलच्या वेळी ठरवलेला पासवर्ड दिला. ती निळी स्क्रीन घाईत कंटिन्यू करून पुढे गेलात तर ड्रायव्हर लोडच होत नाही, तेवढं जपा. मग ग्रबमधलं ब्लॅकलिस्टही काढलं, क्वाएट स्प्लॅश परत जागेवर ठेवलं, अपडेट-ग्रब केलं. शेवटी सीएमडीलाइन वाचून बघितली, त्या दोन शब्दांपलीकडे ग्राफिक्सचं एकही नाव नव्हतं. भाचीने ब्राइटनेस कमी-जास्त करून बघितला, मग झाकण मिटून परत उघडलं, स्क्रीन आली, आणि लॅपटॉप उचलून ती आपल्या खोलीत गेली.